हलकी काडतुसं

ऑरिन स्टॉडर्डच्या गॅरेजमधल्या काडतुसं भरायच्या टेबलाला देवानेसुद्धा आधी विचारून हात लावावा, असं त्याची बायको नेल्डा म्हणायची. त्यामुळे जूनमध्ये म्हाताऱ्याने मुलाला, केन्डलला, फोन करून "ते टेबल तुझ्याकडे घेऊन जा," असं सांगितलं तेव्हा केन्डलच्या मनात आधी एकच आलं. बाप बरा आहे ना?

बाप बरा होता, म्हणजे बोलायला तरी. मार्चमध्ये त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून हात थरथरत होता. काडतुसात भरायची दारू मोजायची म्हणजे सोन्याचं काम, एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही. थरथरत्या हाताने ती काट्यावर कमी आणि ऑरिनच्या बुटात जास्त पडायला लागली, तेव्हा त्याने चर्चमध्येही चालून जाईल अशी एक मवाळ शिवी हासडली आणि मुलाला फोन लावला.

सेव्हियर नदीच्या खोऱ्यातल्या त्या गावात निम्म्या लोकांना काडतूस भरायला ऑरिननेच शिकवलं होतं. उडवलेलं पितळ पुन्हा आकारात आणायचं, बुडाला नवी टोपी बसवायची, दारू मोजून ओतायची, वर गोळी दाबायची. घरात ओव्हन असताना पाव विकत आणणाऱ्या बाईकडे नेल्डा जशी बघायची, तसा ऑरिन दुकानातली काडतुसं विकत आणणाऱ्यांकडे बघायचा. काही बोलायचा नाही, पण समोरचा आपणहून सबबी सांगायला लागायचा.

"तीच दारू, तेवढीच दारू, तीच गोळी," टेबल पिकअपमध्ये चढवताना ऑरिन म्हणाला. "पन्नास वर्षं मी हेच काडतूस भरत आलोय. तू त्यात डोकं चालवायचं नाहीस. तुझं डोकं काचांसाठी राखून ठेव."

केन्डलचं गावात मोटारींच्या काचा बदलायचं दुकान होतं. डोकं पंचावन्न वर्षांचं आणि बऱ्यापैकी टक्कल पडलेलं होतं.

"बरं बाबा."

"बरं बाबा नाही. कबूल कर."

"कबूल, कबूल."

ऑरिन दोऱ्या आणायला आत गेला आणि लगेच नेल्डा बाहेर आली. हातात पीचच्या फोडींची बरणी होती, पण ते नुसतं निमित्त. या बाईला काही सांगायचं असलं की तिच्या हातात बरणी असते, हे केन्डलला लहानपणापासून ठाऊक होतं.

"गेल्या वर्षीचं आठवतंय ना?" ती हळूच म्हणाली.

न आठवायला काय झालं! गेल्या ऑक्टोबरात खालच्या डोंगरावर ऑरिनने हरणाच्या एका नरावर बार टाकला आणि गोळी त्याच्या मागच्या पायाला लागली. अंधार पडेपर्यंत दोघे रक्ताचा माग काढत राहिले, दुसऱ्या दिवशीही हिंडले, हरीण सापडलं नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक जनावर जखमी करून सोडलं नव्हतं, तो त्यानंतर आठवडाभर जेवणाच्या टेबलावर बसायचा आणि ताट तसंच सरकवून उठायचा. पुन्हा असं झालं तर बंदूक विकून टाकीन, एवढंच एकदा बोलला होता.

"खांदा दुखतो म्हणून नाही रे ते," नेल्डा म्हणाली. "दुखणार म्हणून. बंदूक धक्का देणार हे त्यांना माहीत असतं, म्हणून चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. मी पाहिलंय. आणि हे कुणापाशी बोलायचे नाहीत, मेले तरी."

"मग मी काय करू?"

"काहीतरी कर. काय करतोस ते मला सांगू नकोस, म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही." तिने बरणी त्याच्या हातात कोंबली आणि ऑरिन यायच्या आत ती घरात गेलीसुद्धा.

त्यातून यंदा ऑरिनला सोडतीत वरच्या पठारावरच्या शिकारीचा परवाना लागला होता. म्हातारा वर्षानुवर्षं अर्ज करत होता. गावातल्या सगळ्यांना एकेकदा लागून झाला, बिशपला तर दोनदा, आणि त्यावरून देवाच्या न्यायाबद्दल ऑरिनने काढलेले उद्गार बिशपच्या कानावरही गेले होते. खेचरासारखे लांब कान हलवत फिरणारे, फांद्यांसारख्या शिंगांचे मोठे नर त्या पठारावर असतात. तिथे जायचं, आणि तिथेही पुन्हा डोळे मिटले तर? तर म्हातारा बंदूक खरोखरच विकेल आणि खुर्चीत बसून राहील, हे केन्डलला लख्ख दिसत होतं.

उपाय त्याला टेबल घेऊन घरी जाताना रस्त्यातच सुचला होता. सुचला तसा त्याने आधी झटकूनही टाकला, कारण उपाय म्हणजे शुद्ध फसवणूक होती. दारू वेगळी घ्यायची, पुष्कळ कमी भरायची, गोळी हलकी घ्यायची. दीडशे पावलांच्या आत हरीण जागेवर पडेल एवढा जोर ठेवायचा, आणि खांद्याला मात्र कुणी दोस्ताने थाप मारावी तेवढाच धक्का. लहान मुलांना पहिल्यांदा बंदूक हातात देतात तेव्हा असली काडतुसं भरतात. ऑरिनला कळलं असतं तर त्याने ती केन्डलला एकेक करून गिळायला लावली असती.

केन्डलला आणखी एका गोष्टीची लाज वाटत होती. तो स्वतः बारा वर्षांचा असताना बापाच्या याच बंदुकीने, याच पूर्ण भरलेल्या काडतुसाने त्याने पहिलं हरीण पाडलं होतं. खांदा हललासुद्धा नव्हता. ही गोष्ट त्याने गावातल्या प्रत्येक लग्नात सांगितली होती. काच बदलायला आलेल्या परगावच्या माणसांनाही, काचेचा गोंद सुकेपर्यंत पळून जाता येत नाही म्हणून, ऐकावी लागली होती. आता बारा वर्षांच्या पोराने जे झेललं, ते आपल्या बापाला झेपत नाही असं ठरवणारे आपण कोण? पण मग त्याला ते न शिवलेलं ताट आठवलं आणि त्याने नव्या दारूचा डबा आणला.

आता हलकं काडतूस भरायचं एक वेळ सोपं, ते नेमकं लागेल असं भरायचं म्हणजे जीव जायची वेळ. गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत केन्डल दर शनिवारी बापाची बंदूक घेऊन बसायचा. कागदावर तीन बार टाकायचे आणि दुर्बिणीतून बघायचं. एक भोक वर, एक खाली, एक तर कागदाच्या बाहेरच. दारू चिमूटभर वाढव, चिमूटभर कमी कर, टोप्या बदल, पितळ घासून काढ, काही केल्या भोकं एकत्र यायला तयार नाहीत. जुलै गेला. बायको म्हणाली, घरात नळ गळतोय. केन्डल म्हणाला, गळू दे.

ऑगस्टमध्ये त्याने शेवटचा उपाय म्हणून गोळी पितळात कमी दाबून जरा बाहेर ठेवायला सुरुवात केली, केसाच्या जाडीएवढी, मग आणखी एक केस. गोळी जेवढी बाहेर, तेवढी ती नळीतल्या आट्यांच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या, जवळ बसते आणि उडताना डगमगत नाही. आणि काय सांगावं! भोकं एकमेकांकडे सरकायला लागली. केन्डलने गोळी आणखी बाहेर घेतली, पार आट्यांत टेकवली, आणि तीन भोकं पाव डॉलरच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ आली. भर उन्हात, खडीच्या ढिगाऱ्यात, एकटा माणूस टोपी उडवून नाचला. बघायला कुणी नव्हतं हे बरं झालं.

इथेच त्याने घोडचूक केली होती, पण ती त्याला कळायची कशी? खाणीत तो काडतूस नळीत घालायचा आणि उडवायचा. न उडवता परत काढायची वेळ कधी आलीच नव्हती.

शिकारीच्या हंगामाच्या आदल्या आठवड्यात ऑरिन एकच बार टाकून बघायला खाणीत आला. त्याहून जास्त बार टाकायचे नाहीत अशी डॉक्टरांची ताकीद होती, आणि ती पाळली जाते का हे बघायला नेल्डा जातीने गाडीत बसली होती. म्हाताऱ्याने जाड कोट चढवला, कानांवर आवाज बंद करणारी ती मोठी झापडं लावली, बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. 

बार झाला.  ऑरिनने खांदा फिरवून पाहिला, एकदा पुढे, एकदा मागे.

"दुखलं नाही," तो म्हणाला. "केन्डल, अरे, अजिबात दुखलं नाही!"

भोक बरोबर मध्यावर पडलं होतं, पण त्याच्याकडे म्हाताऱ्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तो खांदाच फिरवत होता. "ती पोरगी! ती ब्रिनली! रबराचे पट्टे ओढायला लावायची आणि मी तिला शिव्या घालायचो. बरा केला की तिने मला! नेल्डा, अगं, मी बरा झालो!"

त्याच दुपारी ब्रिनली नावाच्या त्या फिजिओच्या दारात पीचच्या दोन बरण्या पोचल्या. ऑरिन स्वतः घेऊन गेला. केन्डलने तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाप शीळ घालत होता. गेल्या ऑक्टोबरपासून त्याने शीळ घातली नव्हती. केन्डलची जीभच उचलली नाही.

हंगाम उघडला. शाळांना हरणांच्या शिकारीची सुट्टी लागली, गावात दुकानांच्या दारांवर "डोंगरावर गेलोय" अशा पाट्या लटकल्या. केन्डलनेही आपली लटकवली आणि बापलेक वरच्या पठारावर तंबू ठोकून राहिले.

पहिल्या दिवशी ते खडकांच्या एका कपारीत बसले. समोर पिवळ्या पडलेल्या अ‍ॅस्पेनच्या झाडांचा पट्टा आणि त्याखाली सेजच्या झुडपांची मोकळी उतरण. ऑरिनने काडतूस नळीत सरकवलं आणि दिवसभर वाट पाहिली. माद्या आल्या, पिल्लं आली, काटकुळ्या शिंगांचा एक पोरसवदा नर आला आणि यांच्याकडे बघत बसला. ऑरिनने त्याला घरी जायला सांगितलं. म्हातारा मजेत होता.

संध्याकाळी ते पिकअपपाशी परतले. भरलेली बंदूक गाडीत ठेवायची नाही असा कायदा आहे, आणि ऑरिनच्या लेखी तो दहा आज्ञांच्या पाठोपाठचा. त्याने गाडीच्या दाराशी उभं राहून काडतूस बाहेर काढायला बंदुकीचा बोल्ट मागे ओढला. तो जरा अडला. ऑरिनने जोर लावला. खट्कन आवाज होऊन पितळ बाहेर आलं.

नुसतं पितळ. वरची गोळी नळीतच अडकून राहिली होती आणि पितळातली सगळी दारू बंदुकीच्या पोटात सांडली होती.

केन्डलला एकदम कळलं. आट्यांत टेकवलेली गोळी! आट्यांनी ती घट्ट धरून ठेवली होती. एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही?

ऑरिन मात्र खो खो हसत सुटला. "गाढवा! पार आट्यांत बसवलीस? अरे, हे तर नवशिके करतात! गावात सांगितलं तर तुझं दुकान बंद पडेल!" हसता हसता त्याने बंदूक उलटी केली आणि दारू बॉनेटवर झटकली. आणि त्याचं हसू थांबलं.

त्याने चिमूटभर दारू उचलून बोटांत चोळली. डोळ्यांजवळ नेली. त्याच्या पन्नास वर्षांच्या दारूचे दाणे बारीक तुकडे केलेल्या शेवयांसारखे असायचे. हे दाणे चपटे होते, टिकल्यांसारखे. आणि सगळे मिळून केवढे? त्याने तळहाताने ते एका जागी सारले. चमचाभरही नव्हते.

"ही माझी दारू नाही," ऑरिन म्हणाला.

"बाबा, मी—"

"ही पोरांची दारू आहे."

 ऑरिनने उजवा खांदा फिरवला, एकदा पुढे, एकदा मागे. खाणीत फिरवला होता तसाच.

"मला वाटलं मी बरा झालो," तो म्हणाला.

तो ओरडला असता तर केन्डलला चाललं असतं. शिव्या दिल्या असत्या तर त्या त्याने आनंदाने खाल्ल्या असत्या. पण म्हातारा एवढंच बोलला, सीटमागून सळई काढली, नळीच्या तोंडातून आत घातली आणि अडकलेली गोळी ठोकून मागे पाडली. मग गाडीचा कप्पा उघडून तळाशी हात घातला आणि जुनी, काळवंडलेली पाच काडतुसं बाहेर काढली. त्याची स्वतःची, पूर्ण भरलेली. ती त्याने कोटाच्या खिशात टाकली.

"बाबा, दुर्बीण माझ्या काडतुसांच्या हिशेबाने बसवलीय," केन्डल अजिजीने म्हणाला. "ही वर लागतील."

"तू जन्मायच्या आधीपासून मी दुर्बिणी बसवतोय."

त्यानंतर बोलणं बंद. केन्डलने लोखंडी भांड्यात बटाटे, कांदा आणि बेकन शिजवलं, कोकोचं पाणी ठेवलं, दोन ताटं वाढली. म्हातारा समोर बसला. आता पंचाईत अशी की प्रार्थना केल्याशिवाय जेवायचं नाही, आणि पहिल्या संध्याकाळची प्रार्थना घरातल्या मोठ्याने करायची. ऑरिनने टोपी काढली, डोळे मिटले.

"हे स्वर्गातल्या पित्या, या बटाट्यांबद्दल तुझे आभार. डोंगरावर सुखरूप आणलंस त्याबद्दल आभार. आणि जी मुलं आपल्या म्हाताऱ्या बापाच्या काडतुसात चोरून कमी दारू घालतात, त्यांना सुबुद्धी दे. त्यांच्या मनात वाईट नसेलही. ते तुला माहीत, मला नाही. आणि ब्रिनलीला दिलेल्या पीचच्या बरण्यांचं काय करायचं तेही मला सुचव. येशूच्या नावाने, आमेन."

"आमेन," केन्डल म्हणाला. दुसरं काय म्हणणार? देवाशी बोलणाऱ्या माणसाला मध्ये तोडता येत नाही. म्हाताऱ्याला हे पक्कं माहीत होतं.

ताटातलं अन्न ऑरिनने काट्याने इकडून तिकडे केलं आणि ताट सरकवून तो झोपायला गेला. केन्डल त्या ताटाकडे बघत बसला. झक मारली आणि डोकं चालवलं, असं त्याला झालं.

सकाळी निघण्याआधी पुन्हा प्रार्थना, आणि ही पाळी केन्डलची. पठारावर गारठा होता, दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. केन्डलने टोपी काढली. आदल्या दिवसाचा वचपा काढायचा म्हणून त्याने रात्री अंथरुणात दोनचार झोंबरी वाक्यं जुळवून ठेवली होती. ऐनवेळी त्यातलं एकही आठवेना.

"हे स्वर्गातल्या पित्या," तो म्हणाला, "मी खोटं वागलो. कबूल करून मोडलं. पण गेल्या वर्षी बाबा आठवडाभर नीट जेवले नाहीत. ते माझ्याच्याने बघवलं नाही. ते घरी खुर्चीत बसून राहिले तर मी डोंगरावर कुणाबरोबर येऊ? मला दुसऱ्या कुणाबरोबर यायचंच नाही. एवढंच. येशूच्या नावाने, आमेन."

 "आमेन," म्हातारा म्हणाला आणि टोपी चढवून उठला. "तू वरून वळसा घालून अ‍ॅस्पेनमधून खाली ये. काही निघालं तर माझ्याकडे येईल."

त्याने कोणती काडतुसं भरली ते केन्डलने पाहिलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

वळसा घालायला बराच वेळ लागला. केन्डल अ‍ॅस्पेनच्या वरच्या टोकाला पोचला आणि पाचोळ्यात मुद्दाम पाय आपटत उतरायला लागला. खाली कुठेतरी फांदी मोडली. मग टापांचा तो ओळखीचा आवाज, चारही पाय एकदम जमिनीवर आपटत उड्या मारत जाण्याचा. पिवळ्या झाडांमधून केन्डलला क्षणभर शिंगं दिसली. एवढा नर त्याने जन्मात पाहिला नव्हता. आणि तो सरळ खडकांच्या दिशेने चालला होता.

केन्डल जागच्या जागी थांबला. जुन्या काडतुसाचा आवाज त्याच्या अंगवळणी पडलेला होता, सगळं खोरं दणाणायचं आणि पोटात जाणवायचं. त्याने कान टवकारले. देवा, डोळे मिटू देऊ नकोस रे त्यांना, तो म्हणत राहिला.

ठप्प.

कुणी जाड पुस्तक टेबलावर टाकावं तसा छोटासा, कोरडा आवाज. खोरं दणाणलं नाही. केन्डलने हा आवाज पूर्ण उन्हाळा ऐकला होता. तो त्याचाच होता. त्याने दुसऱ्या बाराची वाट पाहिली. दुसरा बार झाला नाही, आणि मग पंचावन्न वर्षांचा तो माणूस झाडांवर आपटत, घसरत, शाळेतल्या पोरासारखा उतारावरून पळत सुटला.

नर सेजच्या झुडपात जागेवर आडवा पडला होता. एक पाऊलही पुढे गेला नव्हता. ऑरिन त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसला होता, टोपी हातात, एक हात त्या जनावराच्या मानेवर. गाल ओले होते आणि ते पुसायची त्याने तसदी घेतली नव्हती.

"डोळे उघडे होते," तो म्हणाला. "केन्डल, शेवटपर्यंत उघडे होते. गोळी लागली तिथले केस उडताना दिसले मला."

केन्डल त्याच्या बाजूला जमिनीवरच बसला. त्याला दम लागला होता. तो म्हणाला, "मला वाटलं तुम्ही तुमचीच भराल."

"भरली होती. मग तुझी ती प्रार्थना मध्ये आली." ऑरिनने नाक शिंकरलं. "देवासमोर बोलून माणसाला अडचणीत आणतोस. कुठे शिकलास?"

"काल शिकलो."

म्हातारा हसला. मग हरणाच्या शिंगावरून बोट फिरवत म्हणाला, "तुझं पहिलं हरीण आठवतं?"

"म्हणजे काय! बारा वर्षांचा होतो. तुमच्या पूर्ण भरलेल्या—"

"काल बॉनेटवर सांडली ना, तीच दारू होती."

"काय?"

"तीच. त्याच कंपनीची, त्याहूनही अर्धी चिमूट कमी. अरे, बारा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर मी पूर्ण काडतूस घालीन? तू घाबरलेला होतास. आदल्या दिवशी माझ्या बंदुकीचा बार ऐकून पिकअपमागे जाऊन रडलास. तुझी आई बरणी घेऊन आली आणि म्हणाली, काहीतरी करा, पण काय करता ते मला सांगू नका, म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही."

 केन्डलच्या डोळ्यांसमोरून गावातली सगळी लग्नं सरकली. काचेचा गोंद सुकायची वाट बघत ताटकळलेली गिऱ्हाइकं सरकली. बापरे, बिशपच्या मुलीच्या लग्नात तर त्याने खुर्चीवर उभं राहून सांगितलं होतं!

"चाळीस वर्षं तुम्ही मला हे सांगत फिरू दिलंत?"

"तू इतका खूश असायचास," ऑरिन म्हणाला. "माझी जीभच उचलली नाही."

आणि मग केन्डलला हसू फुटलं. म्हाताऱ्यालाही फुटलं, आणि दोघे त्या भल्या थोरल्या नराच्या शेजारी, गारठ्यात, पोटं धरून हसत बसले. हसता हसता केन्डलला रडू आलं ते त्याने लपवलं नाही. काल संध्याकाळपासून मनावर असलेलं ओझं उतरलं होतं, आणि त्या जागी आणखी काहीतरी जुनं, बारा वर्षांच्या वयाचं, येऊन बसलं होतं. पिकअपमागे रडलेलं आपलं ते पोर बापाने पाहिलं होतं आणि आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ऑरिनने खिशातून ती काळवंडलेली पाच काडतुसं काढली आणि केन्डलच्या हातात ठेवली.

"मोडून टाक ही. पितळ चांगलं आहे, वापर." तो केन्डलच्या खांद्याचा आधार घेत उठला, कुरकुरत, एकेक गुडघा सरळ करत. "आणि पुढच्या वर्षी खालच्या डोंगरावर जाऊ तेव्हा गोळी जरा आत बसव."

पुढच्या वर्षी. केन्डल सुरी शोधायच्या निमित्ताने पिशवीत डोकं घालून बसला.

"बरं बाबा."

"बरं बाबा नाही. कबूल कर."

"कबूल, कबूल."